कानला उतरायचं राहिलं

काका कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी सांगायचे, "वीस मिनिटं आहेत माझ्याकडे." सत्यनारायण असो, बारसं असो, कुणाला बघायला हॉस्पिटलात जाणं असो. वीस म्हणजे वीस. मग अर्धा कप चहा तसाच ठेवून, समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर तोडून ते उठायचे आणि म्हणायचे, "थोडक्यात आटोपलं की गोड राहतं." नवीन माणसाला वाटायचं, आपलं काही चुकलं. जुन्यांना सवय झालेली. आमच्या ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या मराठी मंडळात तर गणपतीच्या कार्यक्रमपत्रिकेवर एकदा कुणीतरी पेनने लिहून ठेवलं होतं: 'काका – ६.१० ते ६.३०'. काकांनी ते वाचलं, खिशातून पेन काढलं आणि '६.१०' चं '६.१५' केलं.

ते माझे कुणी लागत नव्हते. ते घरमालक आणि मी भाडेकरू. मी पुण्याहून शिकायला युनिला, म्हणजे विद्यापीठात, आलो तेव्हा त्यांच्या घरामागच्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये, म्हणजे परसातल्या दोन खोल्यांत, आम्ही तिघं राहायचो: मी, लुधियानाचा एक पंजाबी आणि पोखऱ्याचा एक नेपाळी. घर चढावर होतं. न्हाणीघराच्या खिडकीतून पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या दिसायच्या आणि त्यांच्या पलीकडे समुद्र. त्या चिमण्यांखाली काकांनी इलेक्ट्रिशियन म्हणून आयुष्य काढलं होतं. मूळचे मिरजेचे. घरातल्या एकूण एक बटणावर त्यांच्या हातची चिठ्ठी असायची, आणि तीही मराठीत. 'मागचा दिवा'. 'गरम पाणी – लावले तर बंद करावे'. 'यास हात लावू नये'. पहिल्याच आठवड्यात पंजाब्याने मला विचारलं, "भाई, ये 'लावू नये' कौन सी लाइट है?" सहा महिन्यांत दोघंही देवनागरीतलं मराठी घडाघडा वाचायला लागले. बोलता मात्र त्यांना तेवढंच यायचं. नेपाळी मित्र एकदा माझ्या फोनकडे बोट दाखवून अगदी गंभीरपणे म्हणाला, "लावले तर बंद करावे."

काकांची दुसरी सवय सकाळची. सहाला उठून ते स्वयंपाकघरात उभ्याने समुद्राचा हवामान-अंदाज वाचायचे, मोठ्याने. वारा कुठून, किती, लाटा किती उंच, दुपारनंतर काय होणार. त्यांच्याकडे होडी नव्हती. पोहायला ते कधी गेले नाहीत. मासेसुद्धा खात नसत. मी एकदा विचारलं, "काका, तुम्हाला काय करायचंय लाटांशी?"

"कुणीतरी असतंच की पाण्यावर," ते म्हणाले आणि पान उलटल्यासारखा फोनवर अंगठा फिरवला.

त्यांच्या हॉलमध्ये बायकोचा फोटो होता आणि त्याच्या शेजारी एका मुलीचा, शाळेच्या पोहण्याच्या टोपीतला. मुलगी युरोपात असते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. दिवाळीला मेसेज येतो, वाढदिवसाला येतो. काका तो आम्हाला वाचून दाखवायचे. तीन-चार शब्दांचाच असायचा, पण ते वाचायला वेळ घ्यायचे.

या माणसाचा मला फार राग यावा अशी वेळ एकदा आली. पदवी झाली होती, व्हिसाचं मधेच लटकलं होतं, आणि पुण्याहून फोन आला की बाबांना हार्ट अॅटॅक आलाय, बायपास करायची आहे. देश सोडला तर परत आत येता येईल याची खात्री नव्हती. आई म्हणत होती, "तू नको येऊस, इथे सगळे आहेत." मी ग्रॅनी फ्लॅटच्या पायरीवर बसून होतो. काका आले. "दहा मिनिटं आहेत माझ्याकडे." शेजारी बसले. दहा मिनिटं झाली. उठून गेले. अर्ध्या तासाने परत आले. "दहा मिनिटं." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते असे नऊ वेळा आले. सातव्या की आठव्या खेपेला मी म्हणालो, "आई म्हणतेय थांब. डॉक्टर म्हणतात धोका नाही."

तेव्हा ते पहिल्यांदा ओरडले. "डॉक्टर काय म्हणतात ते मला नको सांगूस. तू काय म्हणतोस? तिकीट काढ. आज निघ. व्हिसाचं मागाहून बघू."

"तुम्हाला सोपंय हो म्हणायला," मी चिडून म्हणालो.

ते उभे राहिले, माझ्याकडे बघत राहिले आणि गेले. नवव्या खेपेला आले ते हातात माझी बॅग घेऊन. आत माझे कपडे, त्यांच्या इस्त्रीचे. मी गेलो. बाबा सावरले, व्हिसाही वकिलाच्या नाकदुऱ्या काढून सुटला. पण तो माणूस माझ्यावर इतका का ओरडला, ते मला पुढे सहा वर्षं कळलं नाही.

तोवर मी सिडनीजवळ ब्लॅकटाउनला राहायला गेलो होतो. महिन्यातून एखादा रविवार ट्रेनने त्यांच्याकडे जायचो. गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यांचा फोन आला. "क्रूझ आहे. बार्सिलोनाहून निघते, रोमला सोडते. केबिन दोघांची आहे. येतोस? बोलत बसायची गरज नाही."

होडीत कधी पाय न ठेवलेला माणूस, चौऱ्याहत्तराव्या वर्षी क्रूझवर? मी रजा टाकली. एअरपोर्टवर त्यांनी मला छापील कार्यक्रम दाखवला. त्यातल्या एकाच ओळीखाली पेन्सिलीने रेघ होती. कान. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा.

"इथे काय आहे काका? ते फिल्म फेस्टिव्हलवालं?"

"हो. तेच कान." मग डोळे मिचकावून म्हणाले, "या वयात दुसरं काय बघणार? कानाचंच बघायला हवं."

क्रूझवर मात्र ते एकदम गप्प. दोन हजार माणसं बुफेभोवती फिरत होती आणि काका वरच्या डेकवर रेलिंगला धरून उभे. तिथेच त्यांनी मला मुलीचं सांगितलं, तेही हप्त्यांनी. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं, दुसऱ्या दिवशी पंधरा. मुलगी युनि अर्धवट सोडून फ्रान्सला गेली, श्रीमंतांच्या यॉटवर काम करायला. बरीच ऑस्ट्रेलियन पोरं जातात तशी. मग यॉटवरचं काम सुटलं आणि कानजवळ शिडं शिवण्याच्या एका कारखान्यात तिला मनासारखं काम मिळालं. त्याच महिन्यात तिच्या आईचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, सहा-आठ महिने आहेत. काकांनी हिशेब केला: मुलीची नोकरी नवी आहे, तीन महिन्यांत पक्की होऊ दे, मग सांगू, मग ती निवांत येईल.

"तीन आठवड्यांत गेली ती," काका म्हणाले. समुद्राकडे बघतच होते. "पोरगी आली ती नंतर. चार दिवस राहिली. जाताना म्हणाली, तू ठरवलंस, बाबा. तू मला विचारलंसुद्धा नाहीस."

त्याला नऊ वर्षं झाली होती.

"मग आता तिला काय कळवलंयत?"

त्यांनी फोन पुढे केला. त्यांचा मेसेज होता: 'बोटीने जात आहे. कानला दहा तास थांबते. सोयीचे असल्यास.' खाली तिचं उत्तर: 'ओके. जेटीवर असेन.'

मला तेव्हा त्यांची युक्ती कळली. तिकीट काढून तिच्या दारात जायची त्यांची हिंमत नव्हती. ती नको म्हणाली तर? किंवा हो म्हणाली आणि दोन दिवसांत बोलणं संपलं तर? बोट कशी, जाता जाता थांबते. आपणहून आलोय असं दिसत नाही. आणि संध्याकाळी सहाला भोंगा वाजतो, कुणालाच कुणाला जा म्हणावं लागत नाही. दहा तासांच्या भेटीसाठी त्यांनी अख्खी क्रूझ घेतली होती.

कानला मोठी बोट धक्क्याला लागत नाही. ती खाडीत नांगर टाकते आणि छोट्या बोटींनी माणसं किनाऱ्यावर नेतात. त्या सकाळी आठला पडदा सरकवला तर समोर शहर उभं होतं. पांढरी हॉटेलं ओळीने, त्यांच्यापुढे माडांसारखी झाडं, झाडांपुढे निळ्या छत्र्या, आणि बंदरात यॉट इतक्या दाटीने की पाणी दिसू नये. मागे डोंगर. सगळं कसं आत्ताच धुऊन वाळत घातल्यासारखं. आमच्या हातातल्या कागदी पट्टीवर नंबर होता तिसऱ्या बोटीचा.

काकांनी क्रीम रंगाचा नवा शर्ट घातला. काढला. निळा घातला. दाढी झाली होती, ती परत केली. पिशवी तीनदा उघडून बघितली. पिशवीत एक मेतकुटाचं पाकीट होतं आणि ऑस्ट्रेलियात पावाला लावतात त्या व्हेजिमाइटची एक बाटली. "तिला कुठल्या घरची आठवण येत असेल सांगता येत नाही," ते म्हणाले. "दोन्ही असू दे."

तिसऱ्या बोटीची घोषणा झाली. "काका, चला."

"गर्दी ओसरू दे."

पाचवी गेली. "कॉफी घेऊ या का अजून एक?" आठवी गेली. क्रीम शर्ट परत अंगावर आला. मी दारात उभा राहून चिडलो, समजावलं, शेवटी नुसता उभा राहिलो. साडेदहाला ते म्हणाले, "चल, निघू," आणि बुटाची नाडी बांधायला बसले. ती नाडी त्यांनी इतकी हळू बांधली की मला त्यांच्या हातातून घेऊन स्वतः बांधावीशी वाटली. खाली पोचलो तर खलाशी दार लावून घेत होते. वारा वाढलाय, लाटा उठल्यात, छोट्या बोटी आता धोक्याच्या आहेत. गेलेल्यांना जमेल तसं परत आणणार, नवीन कुणी उतरणार नाही. सॉरी, सर.

आम्ही वर डेकवर आलो. वारा खरंच जोरात होता. खालून एक छोटी बोट भरून परत येत होती, ती उडत होती नुसती. किनारा अगदी समोर होता. दुर्बिणीशिवायही माणसं हलताना दिसत होती, रंगीत ठिपक्यांसारखी.

"तुम्ही तिसऱ्या बोटीने जायला हवं होतं," मी म्हणालो. मला आवाज चढवायचा नव्हता पण चढला. "नऊ वर्षं, काका! सगळा खटाटोप ज्याच्यासाठी केला..."

"अकरानंतर वारा वाढणार होता," ते म्हणाले. "सकाळी वाचलं मी."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग?"

"म्हणून तर," ते म्हणाले आणि रेलिंग घट्ट धरलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. काका फोन कानाला लावत नाहीत, तळहातावर आडवा धरून स्पीकरवर बोलतात. वाऱ्यात तिचा आवाज फाटत होता, ऑस्ट्रेलियन हेल आणि लहान मुलीचं मराठी.

"बाबा? तू कुठल्या बोटीवर आहेस? इथून दोन दिसतायत."

"पांढरी."

"दोन्ही पांढऱ्या आहेत!"

"डावीकडची. तुझ्या डावीकडची."

"ओके." मग म्हणाली, "ते सांगतायत आता बोट नाही येणार. पण सकाळपासून आल्या ना, बाबा. मी इथे आठ वाजल्यापासून उभी आहे. सगळ्या बोटी बघितल्या. सतरा आल्या. प्रत्येक माणूस उतरताना बघितला. तू का नाही आलास?"

मी काकांकडे बघत होतो. त्यांना पुढे करायला सोपी अशी किती कारणं होती. नंबर उशिराचा होता, बरं वाटत नव्हतं, गर्दी होती. मी माझ्यापुरतं ठरवूनही टाकलं की मी त्यांची री ओढणार.

"घाबरलो," काका म्हणाले.

त्यांनी फोन तोंडाच्या आणखी जवळ धरला.

"मी पण," ती म्हणाली. "मी दोनदा गाडीत जाऊन बसले." मग म्हणाली, "थांब, मी हात हलवते. लाल जॅकेट आहे माझं. दिसतंय?"

काकांनी किनाऱ्यावरून नजर फिरवली. त्यांची नजर कमी झाली होती, आणि त्या ठिपक्यांत लाल पाच-सहा होते. "दिसलीस," ते म्हणाले आणि मोकळा हात वर करून हलवत राहिले, शहरभर सगळ्यांनाच.

"उद्या कुठे आहे तुझी बोट?" तिने विचारलं.

"जिनोआ. इटलीत."

"आय नो वेअर जिनोआ इज, बाबा." ती हसली. "पहिली ट्रेन पकडते. धक्क्याला लागते ना बोट तिथे?"

"धक्क्याला लागते," काका म्हणाले. "दोराने बांधतात."

जिनोआत बंदराबाहेर कसलीही शोभा नव्हती. डोक्यावरून जाणारा उंच रस्ता, त्याखाली ट्रकांची रांग, काजळीने काळवंडलेल्या इमारती. काका साडेसातलाच उतरून गेटबाहेर उभे राहिले, पहिल्यांदा उतरलेल्या माणसांमध्ये. ती आली अकराच्या पुढे, गाडी बदलताना उशीर झाला म्हणून धावत. बारीक कापलेले केस, तेच लाल जॅकेट. चाल थेट काकांची: डावा खांदा पुढे. दोघं एकमेकांसमोर थांबली आणि काय करावं ते दोघांनाही सुचलं नाही. काकांनी पिशवी पुढे केली. तिने आत बघितलं, मेतकुटाचं पाकीट नाकाला लावलं, आणि तशीच उभी राहिली.

कॉफीच्या दुकानात बसलो. मी म्हणालो, मी जरा फिरून येतो. "बस," काका म्हणाले. मग मीच काहीतरी बोलायचं म्हणून तिला काकांच्या वीस मिनिटांचं सांगितलं. मनात माझी समजूत होती की हे सगळं तिची आई गेल्यापासून सुरू झालं असणार, वेळेचा धसका बसला असणार. तशी मी थोडी हळवी प्रस्तावनाही केली. ती खो खो हसायला लागली. "नो, मेट. तो आधीपासून असाच आहे. माझ्या बर्थडे पार्टीला यायचे ना फ्रेंड्स, तर बाबा दारात सांगायचा, चार वाजता संपेल. चारला लाइट बंद करायचा!" काकाही हसले. तिचे तळवे मी तेव्हा बघितले. जाड सुया ओढून ओढून कातडं राठ झालेले.

हसणं थांबल्यावर तिने कप बाजूला सरकवला. "बाबा, एक विचारायचंय. खरं सांग. आईने माझ्याबद्दल विचारलं होतं?"

काकांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले. "रोज," ते म्हणाले. "आल्यागेल्याला विचारायची. शेवटच्या तीन दिवसांत तर डोळे उघडले की विचारायची, निघाली का?"

"आणि तू काय सांगितलंस?"

"निघाली आहे म्हणून." त्यांचा आवाज अगदी साधा होता, हवामान वाचताना असायचा तसा. "पहिल्या दिवशी सांगितलं, निघाली आहे. दुसऱ्या दिवशी, सिंगापूरपर्यंत आली. मग फ्लाइट लेट आहे. मला वाटलं तुला खरंच कळवू या, पण मग आईला सांगावं लागलं असतं की आजवर सांगितलं ते खोटं होतं. तिसऱ्या दिवशी रात्री तुला फोन केला तो ती गेल्यावर."

मला त्या पायरीवरच्या नऊ खेपा आठवल्या आणि मी टेबलाकडे बघत राहिलो.

"म्हणजे ती माझी वाट बघत होती," ती म्हणाली.

"हो. दाराकडे तोंड करून झोपवायला सांगितलं होतं तिने."

ती उठली आणि बाहेर गेली. काचेतून तिची पाठ दिसत होती, फुटपाथच्या कडेला, ट्रकांच्या धुरात. मी उठायला लागलो तर काकांनी माझा हात दाबला. "राहू दे. तिचं आहे ते." ते स्वतः हलले नाहीत. त्यांच्या गालावरून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. दुकानदाराने न मागता पाण्याचे तीन ग्लास आणून ठेवले.

बऱ्याच वेळाने ती आत आली. डोळे लाल, नाक लाल. बसली नाही. पिशवी उचलली. "मला भूक लागलीये," ती म्हणाली. "इथे नको. पलीकडे काहीतरी धड मिळेल."

आम्ही रस्त्याच्या कडेला आलो. काका ऑस्ट्रेलियातल्या सवयीने उजवीकडे बघत एक पाय खाली टाकून मोकळे. तिने त्यांचं कोपर धरून मागे ओढलं. "लेफ्ट, बाबा. इथे लेफ्टला बघायचं." एक लांबलचक ट्रक समोरून जायला लागला. त्याच्या आवाजात ती म्हणाली, "मी माफ नाही केलंय, ओके?"

"ओके," काका म्हणाले.

"आत्ता तरी नाही."

"बरं."

"चल," ती म्हणाली, आणि ट्रक सरताच दोघं निघाली. मी पाऊल टाकणार तेवढ्यात दुसरा ट्रक आला आणि मी अलीकडेच राहिलो. तो गेल्यावर बघितलं, तर ती दोघं रस्ता ओलांडून पुढच्या वळणापर्यंत पोचली होती. तिने कोपर सोडलं नव्हतं.